तिसरी हूल

ओलेगारिओ तेचेराच्या गावाकडे शर्यत सुरू करायला बंदूक लागत नसे, तोंड लागत असे. घोड्यांची असो की माणसांची, शर्यत दोघांचीच. दोघांनी रेघेपाशी यायचं, दहा-वीस पावलं जोरात सुटायचं, एकमेकांकडे तिरकं बघायचं आणि थांबून परत यायचं. ही झाली एक हूल. अशी हूल पाचदा होई, दहादा होई, लोकांना दुसरं काम नसेल तर वीसदाही होई. मग कधीतरी एक जण विचारी, “चलायचं?” दुसऱ्याच्या मनात असेल तर तो म्हणे, “चल.” त्यानंतर जे काय धावणं होईल तेवढंच खरं. ‘चल’ न ऐकता जो पुढे निघून गेला त्याने शर्यत जिंकली असं कोणी म्हणत नसे, दुसरंच काहीतरी म्हणत. ते ऐकत राहण्यापेक्षा उरुग्वेतला तो ताक्वारेम्बो जिल्हाच सोडून गेलेलं बरं, असं मानणारी ती माणसं होती.

ओलेगारिओची सगळी हुशारी ह्या हुलीत होती. त्या भागात त्याच्यापेक्षा वेगाने पळणारे निदान तिघे होते, आणि त्या तिघांनाही त्याने पाणी पाजलं होतं. दिवसभर मेंढ्यांमागे फिरून त्याच्या पायांना दम भरपूर होता, आणि चेहरा असा की त्यावर काहीच उमटत नसे. समोरचा हुलीमागून हुली करून घामाघूम होई, चिडे, प्रेक्षकांवर ओरडे. हा आपला दर वेळी शांतपणे परत येई, पँट वर ओढे आणि पुन्हा रेघेवर उभा राही. समोरच्याचा श्वास तोंडाने चालू झाला की मग झोपेतून जागा झाल्यासारखा म्हणे, “चल.” लग्नाच्या वेळीही त्याने तीन वर्षं असंच केलं. शेवटी दोमितिलाचा बाप म्हणाला की हा माणूस माझ्या दारातसुद्धा हूलच देतोय, आणि मग स्वतःच तारीख ठरवून मोकळा झाला.

त्यांना एकच मुलगी, निदिया. दोन वर्षांची असताना तिला ताप आला, आठ दिवस राहिला आणि गेला. पुढे एकदा तिच्या पाठीमागे लोखंडी पातेलं दगडावर पडलं तेव्हा कुत्रा दचकला, कोंबड्या उडाल्या आणि निदिया मातीत बोट फिरवत बसली होती ती बसूनच राहिली. ऐकू येत नाही म्हणून बोलणंही आलं नाही. सात वर्षांची होईपर्यंत तिच्या हातांनी वीस-पंचवीस खुणा तयार केल्या होत्या, त्या आईला कळत, बापाला निम्म्या कळत. देवीची लस टोचायला आलेल्या माणसाने सांगितलं की राजधानीत बहिऱ्या मुलांची शाळा आहे, फुकट आहे, पण मुलांना राहायला जागा देत नाहीत. आईबापांनी मोंतेविदेओत राहायला हवं. मेंढ्या राखणाऱ्याने मोंतेविदेओत राहायचं म्हणजे मेंढ्यांनी राहण्यासारखंच, म्हणून तो विषय तिथेच थांबला.

पण मोंतेविदेओतल्या रेल्वे कारखान्याचा मुख्य कारकून अरोसेना त्याच वर्षी कामासाठी ताक्वारेम्बोकडे आला आणि जत्रेत थांबला. ह्या गृहस्थाला शर्यतींचं वेड. कंपनीच्या क्रीडामंडळाचा चिटणीस तोच होता आणि घड्याळ खिशात न ठेवता हातात धरून फिरायचा. ओलेगारिओची धाव त्याने घड्याळात धरली, आकडा बघितला, घड्याळ बिघडलंय का म्हणून कानाला लावलं, आणि संध्याकाळी त्याच्या झोपडीशी हजर झाला. पुढच्या एप्रिलात दक्षिण अमेरिकेतल्या देशांची मैदानी स्पर्धा मोंतेविदेओला भरणार होती. चिली येणार होता, आर्जेंटिना येणार होता. पंधराशे मीटरला उरुग्वेकडे एकच धड माणूस होता. अरोसेनाने सांगितलं की कारखान्यात इंजिनं पुसायचं काम देतो, कंपनीच्या चाळीत खोली देतो, पण दोन्ही तात्पुरतं. एप्रिलात पहिल्या तिघांत आलास तर काम कायम, खोलीही कायम.

ओलेगारिओने नेहमीप्रमाणे पँट वर ओढली. दोमितिलाने आतून विचारलं, “बहिऱ्यांची शाळा तुमच्या त्या चाळीपासून किती लांब आहे?” अरोसेनाने सांगितलं की ट्रामने वीस मिनिटं. ती ट्रंक झटकायला लागली.

शहरात सगळ्यांचं आपापल्या परीने जमलं. ओलेगारिओला इंजिनाच्या चाकांत लपून काम करायला आवडू लागलं. दोमितिला चाळीतल्या बायकांबरोबर माते, म्हणजे तिकडचा कडू चहा, पिऊ लागली आणि महिन्याभरात सगळ्यांच्या नवऱ्यांची कुंडली तिला पाठ झाली. निदिया शाळेत जाऊ लागली. तिथे बाई आरशासमोर बसवत, मुलीचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवून आवाज काढून दाखवत आणि तसाच काढ म्हणत. हातांनी खुणा करायला बंदी होती. बाईंची पाठ वळली की मुलं अंगणात त्याच धडाधड करत. सहा महिन्यांनी निदिया पाव, मेज, कुत्रा असे पंधरा-सोळा शब्द लिहू लागली. तेवढेच. शब्दाला शब्द जोडणं तिला जमेना.

“पाव म्हणजे पाव हे तिला आधीही कळत होतं,” ओलेगारिओ म्हणाला. “भूक लागली की बरोबर पावाशी जायची.”

दोमितिलाने बाईंना जाऊन विचारलं. बाईंनी सांगितलं की आधी नुसते शब्द साचतात, मग एक दिवस मूल आपणहून वाक्य लिहितं, मनातलं. ते एकदा झालं की पुढचं सोपं. त्याच्या आत शाळा सुटली तर साचलेलंही जातं, अशी मुलं आम्ही पाहिली आहेत. दोमितिलाने घरी येऊन हे सगळं नवऱ्याला शब्दाला शब्द सांगितलं आणि वर आपलं एक वाक्य जोडलं, की एप्रिलात तू तिसऱ्याच्या खाली आलास तर घरी येऊ नकोस. हे ती गमतीने म्हणाली, पण दोघंही हसले नाहीत.

बंदुकीची सवय त्याने करून घेतली, हे सांगायला हवं. नाहीतर पुढचं वाचून कोणी म्हणेल की माणूस मुळातच मठ्ठ होता. तसं नव्हतं. मंडळाच्या मैदानावर अरोसेना स्वतः बार काढायचा आणि हा सुटायचा. पहिल्या आठवड्यात दोनदा रेघेवरच उभा राहिला, कारण त्याचं म्हणणं, मला कोणी विचारलंच नाही. मग अंगवळणी पडलं. शहरात चार शर्यती धावला, तीन जिंकला, आणि चारही वेळा पहिल्या बाराला सगळे बरोबर सुटले. घोडं पेंड खातं ते इथेच. चारही शर्यतींत कोणीच आगाऊपणा केला नाही, म्हणून आगाऊपणा झाला की काय होतं हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

स्पर्धेचा रविवार. बँड होता, झेंडे होते, टोप्या घातलेल्या बायका होत्या. अरोसेनाने दोमितिलाला आणि निदियाला पास दिले होते, आणि सुरुवातीची रेघ जिथे आखली होती तिच्या बरोबर मागच्या बाकावर त्यांना जागा मिळाली. सकाळी दोमितिलाने बळेच बिस्किट दिलं ते ओलेगारिओने निदियाच्या हातात ठेवलं. आपण तिसरे आलो नाही तर ह्या पोरीला पुन्हा मेंढ्यांत नेऊन सोडावं लागेल, एवढा एकच विचार रेघेवर उभा राहिला तेव्हा त्याच्या डोक्यात होता.

आठ जण होते. चिलीचे तीन, आर्जेंटिनाचे तीन, उरुग्वेचे दोन. बंदूकवाला जकात खात्यातला साहेब होता, पांढरी टोपी घातलेला. त्याने हात वर केला, बार काढला आणि सगळे सुटले. पण चिलीचा एक उंच गडी बाराच्या आधीच पुढे झाला होता, म्हणून साहेबाने दुसरा बार काढून सगळ्यांना परत बोलावलं. सगळे वीसेक पावलं गेले होते, तेवढी परत चालत आले. पुन्हा उभे राहिले. ह्या वेळी आर्जेंटिनाचा एक जण आधी सुटला. पुन्हा परत. आर्जेंटिनावाला स्वतःच्या बुटाला शिव्या देत होता, चिलीवाला बाहीने तोंड पुसत होता, प्रेक्षकांत लोक ओरडायला लागले होते.

आणि ओलेगारिओला सकाळपासून पहिल्यांदाच बरं वाटलं. हे सगळं त्याच्या ओळखीचं होतं. सुटणं, तिरकं बघणं, परत येणं. त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. उंच चिलीवाल्याचा श्वास तोंडाने चालू झाला होता. हा पाचव्या हुलीपर्यंत टिकत नाही, असं त्याने मनात धरलं. बुटाला शिव्या देणारा तर आत्ताच संपला होता. मोंतेविदेओ, बँड, पांढरी टोपी सगळं कुठल्या कुठे गेलं आणि तो आपल्या गावच्या रेघेवर उभा होता.

सुटण्याचा बार तिसऱ्यांदा झाला. सगळे सुटले, तोही सुटला. दहा-बारा पावलं गेला, तिरकं बघून घेतलं, अजून कोणी कोणाला काही विचारलेलं नाही हे पाहिलं, आणि थांबून वळला. रमतगमत रेघेकडे परत चालू लागला. पँट वर ओढली. पाच-सहा पावलं आल्यावर त्याच्या ध्यानात आलं की परत येणारा तो एकटाच आहे. समोर बाकावर दोमितिलाने दोन्ही हात तोंडावर ठेवले होते. तिच्या शेजारी निदिया उभी राहून त्याच्याकडे बघत होती.

“माणसा,” पांढऱ्या टोपीचा साहेब म्हणाला, कचेरीतली खिडकी बंद झाल्याचं सांगावं तशा आवाजात, “शर्यत चालू आहे.”

मग मात्र तो धावला. त्याच्या आयुष्यात तो तसा आधी कधी धावला नव्हता आणि पुढे धावायची वेळ आली नाही. पहिल्या वळणाला शेवटचा माणूस त्याच्यापुढे तीस मीटरवर होता आणि प्रेक्षक हसत होते. एका फेरीनंतर हसणं थांबलं. दुसऱ्या फेरीत त्याने शेवटच्याला गाठलं, मग बुटाला शिव्या देणाऱ्याला, मग आणखी एकाला. शेवटच्या फेरीची घंटा झाली तेव्हा तो पाचवा होता, आणि लोक बाकांवर उभे राहिले होते. अरोसेना तर मैदानाच्या कडेने घड्याळ धरून त्याच्याबरोबर पळत होता. शेवटच्या सरळ पट्ट्यात त्याने उरुग्वेच्याच दुसऱ्या माणसाला मागे टाकलं. पुढे उंच चिलीवाला तिसरा होता, तोंडाने श्वास घेत, डोकं हलवत, आणि दर पावलाला तो जवळ येत होता. दोरीपाशी दोघं एकत्रच पोचल्यासारखे दिसले. पंचांनी आपसांत बोलून घेतलं. चिलीवाल्याची छाती आधी लागली होती. ओलेगारिओ चौथा.

अरोसेना त्याच्याजवळ आला तेव्हा ओलेगारिओ गवतावर बसला होता.

“काय रे, घरी छत्री विसरला होतास काय?”

अरोसेना वाईट माणूस नव्हता. तो शेजारी बसला आणि त्याने घड्याळ दाखवलं. वळला नसतास तर दुसरा नक्की होतास, कदाचित पहिलाही, असं त्याने हिशेब करून सांगितलं, जणू त्याने कोणाचं भलं होणार होतं. मग घड्याळ खिशात ठेवलं, हे तो सहसा करत नसे, आणि म्हणाला, “पहिल्या तिघांत, असं मी कंपनीच्या साहेबांना लिहून दिलंय. चौथ्यासाठी मी काय तोंड घेऊन जाऊ?” महिनाअखेरपर्यंत खोली आहे, त्यानंतर नाही. कोळशाच्या यार्डात माणसं कायमच लागतात, तिथे कोणी काही विचारत नाही. पण तिथे खोली मिळत नाही, मजुरी निम्मी, आणि एका हिवाळ्यात छाती अशी भरते की पळणं कायमचं संपतं. असल्या पायांच्या माणसाला तिकडे जा म्हणायला माझी जीभ रेटत नाही, असं म्हणून तो उठला.

सोमवारी कारखान्यात ओलेगारिओला नवं नाव मिळालं होतं. परतीचं तिकीट. रेल्वेच्या माणसांना ह्याहून चांगलं नाव सुचणं शक्यच नव्हतं. कोणी त्याच्या पाठीवर भोक पाडल्याची खूण करी, कोणी विचारी की आज जाणार का नुसता येणार. त्याने राग मानला नाही. गावी परत जायचं त्याने रविवारीच ठरवलं होतं. गावात त्याला मान होता, मेंढ्या कातरायच्या टोळीत जागा होती, आणि तिथे शर्यत सुरू करण्याआधी माणसाला विचारत.

“कोणी ‘चल’ म्हटलंच नाही,” तो दोमितिलाला म्हणाला. रविवारपासून हे तो चौथ्यांदा म्हणत होता.

“आठ जण होते,” दोमितिला म्हणाली. “सगळ्यांना विचारत बसले असते तर अंधार पडला असता.”

एवढं बोलून ती हसली आणि हसताहसता रडायला लागली. मग डोळे पुसून तिने पलंगाखालची ट्रंक ओढली. खोली सोडायची तर भांडी आधी भरायला हवीत, असं काहीतरी ती बोलत होती. निदियाच्या शाळेबद्दल दोघंही बोलले नाहीत. त्याबद्दल बोललं की आपणच आपल्या पोरीचं तोंड बंद करतो आहोत हे म्हणावं लागलं असतं, आणि ते कोणालाच म्हणायचं नव्हतं.

मंगळवारी दुपारी ओलेगारिओ लवकर सुटला होता. ट्रंक दोरीने बांधून झाली होती. निदिया शाळेतून आली, दप्तर टाकलं नाही, आत जाऊन पाव घेतला नाही, सरळ येऊन आईसमोर वही उघडली. बाईंनी रविवारबद्दल काहीतरी काढा म्हणून सांगितलं होतं. इतर मुलांनी चित्रं काढली होती. तिच्याही पानावर चित्र होतं, सात काड्यांची माणसं एका बाजूला तोंड करून आणि एक काडी दुसऱ्या बाजूला. त्याखाली अक्षरं होती. पाव, मेज, कुत्रा नव्हे. एका ओळीत सलग अक्षरं, कोणी न सांगता लिहिलेली. शेजारी बाईंनी लाल पेन्सिलीने तारीख टाकली होती, एवढंच.

दोमितिलाला दोन इयत्तांपुरतं वाचता येत होतं. तिने बोट ठेवून एकेक शब्द मोठ्याने वाचला.

“सगळे पळाले. बाबा मला बगायला मागे वळले.”

निदिया दोघांच्या तोंडाकडे पाळीपाळीने बघत होती, बरोबर आहे ना असं विचारत. तिला कुठला बार ऐकू आला होता? तिने पाहिलं ते एवढंच, की दोनदा सगळे गेले आणि सगळे परत आले. तिसऱ्यांदा सगळे गेले आणि एकटा तिचा बाप वळून, तिच्याकडे तोंड करून, चालत तिच्याकडे आला. मग पुन्हा धावायला गेला. ह्याचा दुसरा अर्थ तिने काय लावावा?

ओलेगारिओला फार आनंद झाला आणि त्याच क्षणी तेवढीच लाज वाटली. तो ट्रंकेवर बसला. मुलीला त्याने मान हलवून सांगितलं, बरोबर आहे. ती खूश होऊन पाव आणायला आत गेली. मग उठला, वाकून ट्रंकेच्या दोरीची गाठ सोडू लागला.

“कोळशाच्या यार्डात उद्या जातो,” तो म्हणाला. “स्टेशनामागे खोल्या मिळतात म्हणे. अंधाऱ्या आहेत, पण शाळेची ट्राम तिकडूनही जाते.”

“आणि तुझं पळणं?”

“झालं की ते.”

दोमितिलाने वही मिटली नव्हती. आतल्या दाराकडे एकदा बघून तिने आवाज खाली आणला, जणू मुलगी ऐकेल.

“खरं काय ते सांगायचं का हिला? आज ना उद्या कोणीतरी सांगेलच. आणि ‘बघायला’सुद्धा चुकलंय.”

ओलेगारिओने दोरी गुंडाळून खिळ्याला टांगली. उत्तर द्यायला त्याने नेहमीपेक्षा कमी वेळ घेतला.

“तेवढं अक्षर दुरुस्त कर,” तो म्हणाला. “बाकीचं राहू दे.”

बुधवारी सकाळी सहाला तो यार्डाच्या दारात फावडं मागायला उभा होता, आणि पुढची एकोणीस वर्षं त्याच दारातून आतबाहेर करत राहिला.